जुळणाऱ्या फरशीचा शोध : इंग्लंडच्या परसापासून बिजोलियाच्या खाणीपर्यंत

१.
इंग्लंडमधील कोणत्याही जुन्या उपनगरात घरामागच्या बागेला लागून एक छोटे फरसबंद अंगण असते. तेथे त्याला ‘पॅटिओ’ म्हणतात. हिवाळ्यात फरशीत मुरलेले पाणी गोठते, एखादी फरशी तडकते आणि घरमालकापुढे एक वरकरणी क्षुल्लक प्रश्न उभा राहतो : उरलेल्या फरश्यांशी जुळेल अशी नवी फरशी आणायची कोठून? या प्रश्नाचा माग काढत गेल्यास अडीचशे वर्षांचा इतिहास उलगडतो आणि त्याचे शेवटचे टोक राजस्थानात सापडते. आजचा धागा त्याविषयी.

२.
प्रथम शब्दांविषयी. ‘पॅटिओ’ हा मूळचा स्पॅनिश शब्द. घराच्या पोटातला, वर आकाश मोकळे असलेला चौक, हा त्याचा अर्थ. आपल्या वाड्यांतील चौकाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. इंग्रजांनी विसाव्या शतकात तो उचलला आणि घरामागच्या फरसबंद जागेला लावला. आपली ‘फरशी’ फारसीमार्गे आलेल्या अरबी ‘फर्श’ या शब्दाची. त्याचा मूळ अर्थ अंथरणे, पसरणे. जमिनीवर दगड अंथरण्याची कल्पना दोन्हीकडे सारखीच जुनी आहे.

३.
आता अठराव्या शतकातील लंडन पाहू. तेथे आपल्या घरासमोरचा रस्त्याचा तुकडा फरसबंद ठेवणे ही ज्याची त्याची जबाबदारी होती. परिणाम अपेक्षित तोच झाला. एकाने गोटे बसवले, दुसऱ्याने तुटके चिरे, तिसऱ्याने काहीच नाही. प्रत्येक उंबऱ्यासमोर रस्त्याची पातळी बदले. ‘न जुळणारी फरशी’ ही त्या काळी एका घराची अडचण नव्हती, ती साऱ्या नगराची अवस्था होती.

४.
१७६२ च्या वेस्टमिन्स्टर फरसबंदी कायद्याने हे चित्र पालटले. जबाबदारी घरमालकाकडून काढून आयुक्तांच्या मंडळाकडे देण्यात आली आणि खर्चासाठी कर बसवण्यात आला. वाहनांच्या मार्गावर ॲबर्डीनचा ग्रॅनाइट आणि पादचाऱ्यांसाठी डॉर्सेटमधील पर्बेकचा सपाट चुनखडक, असा एकसारखेपणा प्रथमच दिसू लागला. सर्व फरश्या एकसारख्या असाव्यात, ही आज स्वाभाविक वाटणारी अपेक्षा अशा रीतीने एका कायद्यातून आणि करातून रुजली.

५.
पुढे एकोणिसाव्या शतकात लंडनच्या पदपथांवर यॉर्कशायरच्या वालुकाश्माने, म्हणजे ‘यॉर्कस्टोन’ने, आपले राज्य स्थापिले. हॅलिफॅक्स आणि एलंड या गावांच्या आसपास त्याच्या खाणी होत्या. एवढा जड माल दूर नेणे परवडावे, यासाठी जलमार्ग आवश्यक होता. १७७० पर्यंत पूर्ण झालेला कॅल्डर–हेबल जलमार्ग एलंडजवळूनच जातो. त्यानंतर रेल्वे आली. दगड चांगला असणे पुरेसे नसते. तो ज्या वाटेने बाहेर पडतो, ती वाटही इतिहास घडवते.

६.
या दगडाची खुबी त्याच्या थरांत आहे. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी नद्यांच्या मुखाशी वाळूचे थर साचत गेले. थरांमध्ये अभ्रकाच्या चकत्या आडव्या पसरल्या. तेथे छिन्नी लावली की दगड पोथीच्या पानासारखा सुटतो. महाराष्ट्रातील वाचकांना याचे उदाहरण घरचेच आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादी फरशी अशीच थराथराने निघते. फरक इतकाच, की शहाबादी हा चुनखडक आहे आणि यॉर्कस्टोन हा वालुकाश्म.

७.
जुळणीची खरी अडचण येथे सुरू होते. दगडाचा रंग त्यातील लोहाच्या अवस्थेवर ठरतो. एकाच खाणीत वरचा थर पिवळसर तपकिरी आणि खालचा निळसर करडा असू शकतो. त्यात भर पडते ती ऊनपावसाची, शेवाळाची, काजळीची आणि पावलांची. म्हणजे शंभर वर्षे जुन्या फरशीचे जुळे शोधायचे, तर तीच खाण, तोच थर, तेच हत्यार आणि तितकीच वर्षे, या चारही गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिल्या तीन गोष्टी क्वचित मिळतात. चौथी कोणत्याही दुकानात मिळत नाही.

८.
दगडाला पर्याय शोधण्याचा इतिहासही याच प्रदेशातला. २१ ऑक्टोबर १८२४ रोजी लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने एका चूर्णाचे पेटंट घेतले. पेटंटचे शीर्षकच ‘कृत्रिम दगड तयार करण्याच्या पद्धतीतील सुधारणा’ अशा अर्थाचे होते. घट्ट झाल्यावर ते डॉर्सेटमधील पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते, म्हणून त्याने नाव ठेवले ‘पोर्टलंड सिमेंट’. लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल ज्या दगडाचे आहे, तोच हा पोर्टलंड दगड. आज जगभर वापरले जाणारे सिमेंट मुळात एका दगडाशी साम्य सांगत बाजारात आले, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

९.
ॲस्पडिनला चुनखडक हवा होता आणि त्या भागात तो रस्तेदुरुस्तीसाठी वापरला जाई. रस्त्यांवरचे दगडी ठोकळे उचलून नेल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाल्याचा उल्लेख त्याच्या चरित्रात येतो. खऱ्या फरसबंदीचा दगड उखडून त्यातून नकली दगड तयार व्हावा, यापेक्षा त्या शतकाचे अधिक नेमके चित्र कोणते असणार? पुढे याच सिमेंटपासून काँक्रीटच्या फरश्या तयार होऊ लागल्या. विसाव्या शतकात अनेक नगरपालिकांनी पदपथांवर त्याच बसवल्या. खाणीतल्या थराची जागा आता साच्याने घेतली.

१०.
दोन महायुद्धांच्या दरम्यान उपनगरे वाढली आणि प्रत्येक घरामागे बाग आली. या काळात एक गमतीदार पद्धत लोकप्रिय झाली. तुटक्या फरश्यांचे वेडेवाकडे तुकडे मुद्दाम विस्कळीत बसवायचे. तिचे इंग्रजी नावच ‘वेडी फरसबंदी’ अशा अर्थाचे आहे. पदपथांवरून काढलेले तुटके तुकडे स्वस्तात मिळत, आणि त्यात न जुळणे हाच शोभेचा भाग होता. जुळणीच्या प्रश्नाला इंग्लंडने दिलेले हे बहुधा सर्वांत शहाणपणाचे उत्तर.

११.
नंतरचा धक्का मापांनी दिला. १९६९ ते १९७२ या काळात ब्रिटनच्या बांधकाम क्षेत्राने फूट आणि इंच सोडून मेट्रिक पद्धत स्वीकारली. दोन फुटांची जुनी फरशी ६०९.६ मिलिमीटरची, तर नवी ६०० ची. दीड फुटाची ४५७.२ ची, तर नवी ४५० ची. एका फरशीत हा फरक सांध्यात मुरतो. पाच फरश्यांच्या ओळीत तो जवळजवळ पाच सेंटिमीटर होतो. म्हणून साठच्या दशकातील अंगणात आजची फरशी रंगाने जुळली, तरी मापाने उघडी पडते. शासकीय निर्णयांची तारीख अशी सांध्यांत वाचता येते.

१२.
मग जुनीच फरशी का घेऊ नये? तशी बाजारपेठ आहे आणि तिच्यामागे आपलाही इतिहास आहे. लँकेशायर व यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांत अशाच दगडी फरश्या होत्या. लँकेशायरच्या कापडाचा सर्वांत मोठा ग्राहक हिंदुस्थान होता. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरच्या डार्वेन गावी गेले, ते बहिष्काराची झळ सोसणाऱ्या कामगारांना भेटण्यासाठीच. पुढील दशकांत त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पाडल्या गेल्या. त्यांच्या फरश्या उखडून ‘पुनर्प्राप्त यॉर्कस्टोन’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या.

१३.
काही फरश्यांवर यंत्रांच्या तेलाचे डाग अजून असतात. ऊन पडले की ते वर येतात, आणि ग्राहक तक्रार करतो. डाग नको, पण झीज हवी, अशी ही मागणी आहे. जुन्या फरशीला इतका भाव येतो, की उत्तर इंग्लंडमध्ये गल्ल्यांतून आणि चर्चच्या आवारांतून फरश्या चोरीला जाण्याचे प्रकार घडले आहेत. एका अंगणाची जुळणी पूर्ण होते तेव्हा दुसरीकडे एखादी गल्ली उघडी पडलेली असू शकते.

१४.
नवा यॉर्कस्टोन महाग आणि जुना त्याहूनही दुर्मीळ. या पोकळीत १९९० च्या दशकात भारतीय वालुकाश्म मोठ्या प्रमाणावर शिरला. राजस्थानातील कोटा, बुंदी, भिलवाडा या पट्ट्यातील दगडही थराथराने सुटतो, हाताने घडवता येतो आणि हजारो मैलांचा सागरी प्रवास करूनही यॉर्कशायरच्या दगडापेक्षा स्वस्त पडतो. आज ब्रिटनमधील बागसाहित्याच्या कोणत्याही दुकानात तो आढळतो. यॉर्कस्टोनची उणीव भरून काढणारा दगड म्हणूनच तो अनेकदा सुचवला जातो.

१५.
त्याची व्यापारी नावे इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावीत. ‘कंडला ग्रे’ : कंडला ही खाण नाही, ते गुजरातमधील बंदर आहे. दगड कोठे जन्मला, यापेक्षा तो कोठून जहाजावर चढला हे नावात उरले. ‘रिपन बफ’ : ऐकताच यॉर्कशायरमधील रिपन शहर आठवावे असे नाव. ‘मिंट फॉसिल’ : त्यावरची नेच्याच्या पानांसारखी नक्षी बहुतेक वेळा जीवाश्म नसते, ती लोह व मँगनीजच्या खनिजांची असते. ‘मोडक’ हे मात्र कोटा जिल्ह्यातील खरे गाव. मराठी वाचकाला ते आडनाव वाटेल, एवढेच.

१६.
हा दगड विंध्य समूहाचा. यॉर्कशायरच्या दगडाहून तो कितीतरी पुरातन आहे. फतेहपूर सिक्री आणि दिल्लीचा लाल किल्ला याच विंध्य समूहाच्या तांबड्या वालुकाश्मात उभे आहेत. भिलवाडा जिल्ह्यातील बिजोलिया हे आज या दगडाच्या खाणींचे एक मोठे केंद्र. तेथे एका खडकावर चाहमान राजा सोमेश्वराच्या काळातील, विक्रम संवत १२२६ चा (इ. स. ११७०) विख्यात शिलालेख कोरलेला आहे. चाहमानांच्या वंशावळीचे ते एक मुख्य साधन मानले जाते.

१७.
बिजोलियाचे दुसरे स्थान आधुनिक इतिहासात आहे. मेवाड संस्थानातील या जहागिरीत १८९७ पासून शेतकऱ्यांनी जाचक लागबाग आणि बेगारीविरुद्ध आंदोलन उभारले. विजयसिंह पथिक यांच्या नेतृत्वाखाली ते देशभर गाजले आणि १९४१ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. भारतातील सर्वांत दीर्घ शेतकरी आंदोलनांत त्याची गणना होते. बेगार म्हणजे मोबदल्याविना करून घेतलेले श्रम. ज्या भूमीने त्याविरुद्ध चार दशके लढा दिला, त्याच भूमीतून आज इंग्लंडच्या अंगणांसाठी दगड निघतो. म्हणून तेथील श्रमाचा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही.

१८.
वालुकाश्म मुख्यतः सिलिकाचा असतो. तो फोडताना, कापताना आणि घासताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसांत जाऊन बसते आणि ‘सिलिकोसिस’ होतो. या रोगावर उपाय नाही. प्रतिबंध मात्र शक्य आहे : पाण्याचा मारा करून धूळ दाबणे, योग्य मुखपट्टी, नियमित तपासणी. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या धूळजन्य फुप्फुसरोगांविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले, यावरूनच प्रश्नाची व्याप्ती कळावी. घरातील कमावता पुरुष खाणीत आजारी पडला, की उचल घेतलेल्या रकमेचे ओझे विधवेवर आणि मुलांवर येते.

१९.
बुंदी जिल्ह्यातील बुधपुरा परिसरात खाणींच्या टाकाऊ दगडांचे ढीग आहेत. त्यांतून छोटे चौकोनी ठोकळे घडवून ते युरोपात पाठवले जातात. या कामात स्त्रिया आणि मुले राबत असल्याची नोंद अनेक अहवालांनी केली आहे. ब्रिटनने २०१५ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला. पुरवठासाखळीविषयी निवेदन प्रसिद्ध करण्याचे बंधन मात्र वार्षिक ३ कोटी ६० लाख पौंड वा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच आहे. त्याहून लहान आयातदार त्या चौकटीबाहेर राहतात.

२०.
येथे ‘जुळणी’ या शब्दाकडे पुन्हा पाहावे लागते. दुकानात ग्राहक विचारतो : रंग जुळतो का, जाडी जुळते का, पोत जुळतो का? सर्व फरश्या ठरावीक जाडीत घासून, २२ मिलिमीटरच्या करून पाठवल्या जातात, त्या याच मागणीसाठी. हाताने फोडलेल्या दगडाची जाडी कधीच सारखी नसते. ती सारखी करण्यासाठी यंत्राने जितके घासावे, तितकी धूळ अधिक. अंगणातील सपाटी आणि खाणपट्ट्यातील खोकला यांचा संबंध इतका सरळ आहे.

२१.
मग तडकलेल्या फरशीचे करावे काय? जाणते कारागीर एक जुनी युक्ती सांगतात. नवी फरशी दर्शनी भागात बसवू नये. कोपऱ्यातली, कुंड्यांमागची जुनी फरशी उचलून तडकलेल्या जागी आणावी आणि नवी त्या कोपऱ्यात लावावी. नमुना निवडताना तो कोरडा आणि ओला, असा दोन्ही अवस्थांत पाहावा, कारण भिजल्यावर दगडाचा रंग पुष्कळ बदलतो. नव्या दगडावर शेवाळ लवकर धरावे म्हणून तिकडचे काही बागप्रेमी त्याला चक्क दही फासतात. आपल्याकडे हे वाचून पुष्कळांच्या जिवावर येईल.

२२.
या युक्त्यांच्या मागे एक जुना वाद आहे. दुरुस्ती दिसू द्यावी की लपवावी? विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापली, ती जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणाऱ्या बनावटीला विरोध म्हणून. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या बाराव्या कलमात त्याचे सूत्ररूप आढळते. नवा भाग एकूण रचनेशी सुसंवादी असावा, परंतु मूळ भागापासून ओळखता यावा, अन्यथा ऐतिहासिक पुरावा खोटा ठरतो. ही सनद स्मारकांसाठी आहे. पण तिच्यातला प्रामाणिकपणा परसातल्या अंगणालाही शोभून दिसेल.

२३.
हा व्यवहार एके काळी उलट दिशेने चालत असे, हेही विसरू नये. मुंबईत राणीच्या बागेत १८७२ मध्ये खुल्या झालेल्या, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाची जमीन मिंटनच्या लाद्यांची आहे. त्या इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरहून जहाजाने आल्या. आज राजस्थानचा दगड स्टॅफर्डशायरच्या बागेत जातो. आणि आपल्या इमारतींच्या जिन्यांवरचा हिरवट ‘कोटा’ हा चुनखडकही त्याच कोटा भागातून येतो. तेव्हा खाणकामगाराच्या फुप्फुसाचा प्रश्न केवळ परदेशी ग्राहकाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

२४.
इंग्लंडमधील एखादे सामान्य अंगण या दृष्टीने पाहिले, तर काय दिसते? गिरणीतून आलेली यॉर्कस्टोनची फरशी, तिच्याशेजारी दोन फुटी काँक्रीटची, मग मेट्रिक मापाची आणि शेवटी बुंदीच्या वालुकाश्माची. चार फरश्या, चार अर्थव्यवस्था, आणि प्रत्येक नवी फरशी आधीच्या फरशीसारखी दिसण्याच्या प्रयत्नात. जुळणी पूर्ण साधली असती, तर यातले काहीच वाचता आले नसते. थोडासा विसंवाद राहिला, म्हणून पुरावा राहिला.

२५.
म्हणून फरशी बदलताना विक्रेत्याला रंगाआधी आणखी दोन प्रश्न विचारावेत : खाण कोणती, आणि तेथे धूळ दाबण्यासाठी पाणी वापरतात का? उत्तर मिळेलच असे नाही. परंतु १७६२ मध्ये एकसारखा रस्ता हा प्रश्नही कोणीतरी प्रथम विचारल्यामुळेच सुटला होता.
आपल्या घराच्या, वाड्याच्या किंवा देवळाच्या अंगणातील फरशी कोणत्या खाणीची आहे, ती कोणी बसवली, कधी बदलली, हे ठाऊक असल्यास जरूर लिहावे. अशा नोंदी दफ्तरांत सापडत नाहीत.
(धागा समाप्त)